तुमच्या कादंबरीतला पंच कोण, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही तरुण वाचकांसाठी कल्पनारम्य कादंबरी लिहिताय. एका राज्यात तलवारबाजीच्या सामन्यांना मोठा मान आहे आणि जिंकणारा थेट राजाच्या खास अंगरक्षकांत जातो. तुमची सतरा वर्षांची नायिका मुलाच्या वेशात मैदानात उतरते, आणि त्याच दिवसांत वाड्यात युवराजाचा काटा काढायचं शिजतंय. तुम्ही विचारलंय की लढती खऱ्या कशा वाटतील, नायिकेच्या हातात कोणतं शस्त्र द्यावं, आणि खेळ व कारस्थान हे दोन धागे एकत्र कसे विणावेत. सोबत शेवटच्या लढतीचं प्रकरणही पाठवलंय. मी बरीच वर्षं फेन्सिंग खेळलो, आता शिकवतो आणि पंच म्हणूनही उभा राहतो. तेव्हा उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे दोन बरेचसे सुटतात.

तुमच्या मसुद्यात दिवसा सामने आणि रात्री कारस्थान. एक प्रकरण मैदानाचं, एक वाड्याचं, पुन्हा मैदानाचं. वाचक यातलं एक मन लावून वाचेल आणि दुसरं चाळेल. असं का होतं ते तुमच्याच एका वाक्यात सापडलं: ‘तिचं टोक त्याच्या छातीला लागलं आणि मैदान दणाणून उठलं.’ लागलं हे पाहिलं कोणी? जाहीर कोणी केलं? समोरच्यानं ते मानलं का? तुमच्या राज्यात वीज नाही, म्हणजे टच (गुण देणारा वार) लागल्यावर पेटणारा दिवा नाही. मग टच लागला की नाही हे कोणातरी माणसाला सांगावं लागणार, आणि तो माणूस कोणाचं मीठ खातो हा प्रश्न लगेच येणार. तुमचं कारस्थान वाड्यात शोधू नका, ते तिथं मैदानाच्या कडेला उभं आहे.

आमच्या खेळाचा बराचसा इतिहास याच भांडणाचा आहे. आमच्या तीन तलवारींपैकी ईपीला विजेचं यंत्र ऑलिंपिकमध्ये १९३६ साली आलं, फॉइलला १९५६ साली आणि सेबरला थेट १९९२ साली. त्याआधी काय होतं? एक मुख्य पंच आणि चार बाजूचे पंच. दोघे एका खेळाडूच्या मागे थोडे बाजूला, दोघे दुसऱ्याच्या. आपल्या जवळच्या खेळाडूकडे त्यांनी पाहायचंच नाही. समोरच्याच्या अंगाला टोक लागतंय का, एवढंच पाहायचं. लागल्यासारखं वाटलं की हात वर. मुख्य पंच खेळ थांबवणार, कोणी आधी हल्ला केला, कोणी अडवला, कोणी उलट मारला ते तोंडानं सांगणार, आणि मग त्या बाजूच्या दोघांना विचारणार. उत्तरं चारच: ‘हो’, ‘हो, पण लक्ष्याबाहेर’, ‘नाही’, ‘मला दिसलं नाही’.

आता मतांचा हिशोब बघा. बाजूच्या प्रत्येक पंचाचं एक मत, मुख्य पंचाचं दीड. त्या बाजूचे दोन्ही पंच एकमतानं बोलले तर दोन विरुद्ध दीड, मुख्य पंचाला गप्प बसावं लागतं. दोघांत फाटाफूट झाली की मुख्य पंच ज्याच्या बाजूला झुकेल तो निकाल. एकानं ‘दिसलं नाही’ म्हटलं तर दुसऱ्याच्या एका मतावर मुख्य पंचाचं दीड मत भारी.

हे आकडे कागदावर मांडून बसा, तुमचं अर्धं कथानक तिथंच आहे. तुमच्या खलनायक मंत्र्याला पाचही पंच विकत घ्यायची गरज नाही. मुख्य पंच त्याचा असेल तर नायिकेचे टच मोजणारा बाजूचा फक्त एकच पंच पुरे. आणि त्या एकालाही खोटं बोलावं लागत नाही. त्यानं नेमक्या वेळी डोळे मिटायचे आणि म्हणायचं: ‘मला दिसलं नाही.’ खोटा टच दिला तर प्रेक्षक ओरडतात, खरा टच दिसला नाही म्हटलं तर कोण काय सिद्ध करणार? पंचगिरीतली सगळ्यात सुरक्षित लबाडी हीच आहे. तुमच्या कादंबरीत तर तीन टच असे ‘न दिसता’ गेल्यावर नायिकेला कळावं की आपल्याविरुद्ध कोणीतरी आहे. तोवर तिला वाटत राहावं की आपलाच हात हलका पडतोय. हा संशय एका खेळाडूला आतून कसा पोखरतो ते लिहायला तुम्हाला चांगली पंधरा पानं लागतील, आणि ती पानं एकाच वेळी खेळाचीही असतील आणि वाड्याचीही.

उलटा डावही आहे. मुख्य पंच प्रामाणिक, पण त्या बाजूचे दोघे फितूर. दीड मत घेऊन तो मधोमध उभा, समोर धडधडीत टच लागलेला पाहतो आणि नियमाप्रमाणे ‘टच नाही’ असं स्वतःच्या तोंडानं जाहीर करतो. आपल्याकडे असा माणूस म्हटला की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला ते आपल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असतं, पण कथा म्हणून मला त्याच्या पुढचा भाग जास्त जड वाटतो. सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवायचं आणि पद सोडून निघून जायचं. तुमच्या मुख्य पंचाला असा स्वभाव देऊन बघा, आणि मग त्याच्या हातात फक्त दीड मत ठेवा.

यंत्र आल्यावर लबाडी संपली असं कोणाला वाटत असेल तर १९७६ चं माँट्रियल ऑलिंपिक आठवावं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे तलवारबाजीसह पाच खेळांच्या स्पर्धेत, सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेन्को ईपी खेळत होता. ब्रिटनचा जिम फॉक्स त्याच्या टोकापासून मागे झुकला, टोक अंगाला लागलंच नाही, तरी दिवा पेटला. फॉक्सनं तक्रार केली, तलवार तपासली, तर मुठीत वायर फिरवून बटण बसवलेलं. बोट दाबलं की दिवा. त्याला बाद केलं, त्याच्याबरोबर सोव्हिएत संघही गेला, आणि सांघिक सुवर्ण ब्रिटननं नेलं. यातली मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस आधीच्या म्युनिक ऑलिंपिकचा वैयक्तिक रौप्यविजेता होता आणि तलवारीत चांगलाच तरबेज. त्याला बटणाची गरज काय होती? तुमच्या कादंबरीत फसवणारा खेळाडू कच्चा दाखवू नका. पक्का दाखवा, आणि त्यानं हे का केलं ते त्यालाही नीट सांगता येऊ नये.

पंचांखेरीज आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: घड्याळ सांभाळणारा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला ईपीच्या उपांत्य लढतीत कोरियाच्या शिन आ-लाम आणि जर्मनीच्या ब्रिटा हायडेमान ५-५ वर होत्या. अशा वेळी एक मिनिट जादा मिळतं आणि सुरू होण्याआधी चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतात की कोणाचाच टच लागला नाही तर कोण विजयी. ती बाजू शिनची होती. शेवटचं एक सेकंद उरलं, आणि ते संपेचना. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं, फळ्यावर एकच सेकंद शिल्लक. त्या सेकंदात हायडेमाननं टच मारला. अपील चालू असताना पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, सोडली तर निकाल मान्य केल्यासारखं होतं, म्हणून शिन तिथंच बसून राहिली, जवळपास तासभर, रडत, हजारो लोकांसमोर. तुमच्या राज्यात घटिकापात्र असेल ना? पाण्यावर ठेवलेली, बुडाला बारीक भोक असलेली वाटी, भरली की बुडते. ते भोक पाडणारा कासार कोण, आणि भोकाच्या कडेला मेणाचा एवढासा ठिपका लावायला त्याला कोणी सांगितलं? हा धागा फुकट देतोय, वापरा.

आता वेशांतराकडे येतो. मास्क आहे म्हणजे नायिका लपली, असं तुम्ही धरलंय. प्रेक्षकांपासून लपेल. खेळणाऱ्यांपासून नाही. मी हॉलच्या दारातून आत येतो तेव्हा दूरच्या पिस्टवर मास्कमध्ये कोण आहे ते मला मागे सरकण्याच्या पद्धतीवरून कळतं. कोणी हल्ल्याआधी मूठ किंचित खाली घेतं, कोणी पुढचा पाय टाचेवर आपटतं, कोणाचा मोकळा हात लंज मारताना, म्हणजे पुढचा पाय झेपावून वार करताना, उशिरा मागे जातो. वर्षानुवर्षं घोटलेली ही चाल सहीसारखी असते आणि ती बदलता येत नाही. म्हणून तुमच्या नायिकेला पहिल्याच लढतीत किमान तीन जणांनी ओळखायला हवं: तिचा उस्ताद, तिच्याबरोबर लहानपणी खेळलेला कोणीतरी, आणि एखादा म्हातारा पंच. तिघेही गप्प बसतात, आणि प्रत्येकाचं गप्प बसण्याचं कारण वेगळं. मग ‘उघडकीला येईल का?’ हा प्रश्न उरत नाही. ‘यातला आधी कोण बोलेल आणि कशाच्या बदल्यात?’ हे विचारत वाचक पुढं जाईल.

वेशांतर, तलवार आणि राजकारण एकाच माणसात पाहायचं असेल तर शव्हालिए देओं यांची हकीकत वाचा. कल्पनेनं रचायला गेलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. १७२८ साली फ्रान्समध्ये जन्म, मुलगा म्हणून वाढ. पंधराव्या लुईचं एक खासगी हेरजाळं होतं, त्याच्या स्वतःच्या मंत्र्यांनाही न सांगता चाललेलं. देओं त्यातले हेर. लंडनला वकिलातीत असताना इंग्लंडच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्यासाठी केलेल्या गुप्त पाहणीचे कागद त्यांच्याकडे होते. राजाशी बिनसलं तेव्हा देओंनी काही राजनैतिक पत्रं छापून टाकली आणि ते सगळ्यात घातक कागद मात्र जवळ ठेवले. राजाला आपल्याच हेराचं तोंड धरता येईना. शेवटी वाटाघाटी झाल्या, कागद परत करायचे, पेन्शन मिळायची, आणि इथून पुढे देओंनी बाई म्हणून राहायचं, बाईचेच कपडे घालायचे. १७७७ पासून अधिकृतपणे त्या बाई. त्यांची स्वतःची इच्छा त्यात किती आणि राजाची सोय किती, यावर अजून वाद आहेत. मृत्यूनंतर, १८१० साली, वैद्यांनी शरीर पुरुषाचं असल्याचं नोंदवलं.

तर या देओं ९ एप्रिल १७८७ ला लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये, प्रिन्स ऑफ वेल्ससमोर, शव्हालिए द सेंट-जॉर्ज यांच्याशी फॉइल खेळल्या. वय ५८, अंगावर काळा झगा, छातीवर लष्करी मानचिन्ह. समोरचा ४१ वर्षांचा, युरोपातल्या पहिल्या दर्जाच्या तलवारबाजांपैकी एक, वर व्हायोलिनवादक आणि संगीतकार. ग्वादलूपला जन्म, बाप फ्रेंच मळेवाला, आई गुलामीतली आफ्रिकी वंशाची स्त्री. फ्रान्समध्ये कितीही टाळ्या मिळाल्या तरी काही दारं त्याला बंदच होती. त्या लढतीत देओं जिंकल्या. चित्रकार रोबिनो यानं काढलेलं या प्रसंगाचं चित्र आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

त्या दिवाणखान्यात उभं राहून बघा. दोघेही आपापल्या देशात अर्धवट आत आणि अर्धवट बाहेर. पाहणारा युवराज कर्जात बुडालेला, बापाशी पटत नसलेला. तलवारी बोथट, लढत करमणुकीची, आणि तरी खोलीतल्या प्रत्येकाला त्यातून काहीतरी हवंय. सेंट-जॉर्ज पूर्ण ताकदीनं खेळला का, हा प्रश्न मला पंच म्हणून पडतो. झगा घातलेल्या वयस्क बाईला युवराजासमोर पंधरा-वीस टच हाणून त्याला काय मिळालं असतं? तुमच्या नायिकेची एक लढत अशी हवी, जी जिंकणं तिला परवडणार नाही.

शस्त्राचा प्रश्न. आपल्या खेळात तीन शस्त्रं. फॉइल हे मुळात सरावाचं, लक्ष्य फक्त धड. ईपी द्वंद्वातून आलेली, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठंही टोक लागलं तरी टच. सेबर घोडदळाच्या वळणाची, हाताचे पंजे सोडून कमरेच्या वरचं सगळं लक्ष्य, आणि टोकाबरोबर धारेनंही मारता येतं. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे टच एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता ते पंच ठरवतो. ईपीमध्ये हक्काचा प्रश्नच नाही. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचे लागले तर दोघांनाही गुण. कारस्थानाच्या कादंबरीला माझ्या मते हक्काचा नियम हवाच. दोघंही सांगतात हल्ला माझा होता, दोघांनाही प्रामाणिकपणे तसं वाटतं, आणि तिसरा कोणीतरी ठरवतो.

मुलीला मनाई का, याचं कारणही तुम्हाला इथंच मिळेल. ऑलिंपिकमध्ये महिलांचं फॉइल १९२४ साली आलं, ईपी थेट १९९६ साली आणि सेबर २००४ साली. म्हणजे मुलींनी खेळावं, पण टोकानं, धडापुरतं, नाजूक. धारेचं शस्त्र त्यांच्या हातात यायला ऐंशी वर्षं गेली. ऑलिंपिकला पोचलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी, चेन्नईची, ती सेबरचीच. टोकियोत पहिली लढत १५-३ नं जिंकली आणि दुसरी ७-१५ नं हरली. तुमच्या राज्यात मुलींना सगळ्याच तलवारींची बंदी ठेवण्यापेक्षा फक्त एकाच शस्त्राची ठेवा. सरसकट बंदीपेक्षा अशी अर्धी परवानगी जास्त झोंबते, आणि तुमची नायिका चोरून त्याच शस्त्रावर हात बसवेल.

अर्थात युरोपची पिस्ट उचलून आणायची सक्ती कोणी केलेली नाही. आपल्या आखाड्यांत फरी-गदका आहे: एका हातात चामड्याची छोटी ढाल, दुसऱ्यात चामडं मढवलेली काठी. तलवारीचा खेळच तो, जीव न घेणारा. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ अजून जिवंत आहेत. दांडपट्टा २०२४ साली राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण पट्टा द्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा: त्याची मूठ म्हणजे पोलादी हातमोजा, कोपराजवळपर्यंत जाणारा. मनगट त्यात अडकतं. फॉइलमध्ये सगळी करामत बोटांची आणि मनगटाची, पट्ट्यात ती खांदा, कंबर आणि पायांची. मसुद्यात तुमच्या नायिकेनं पट्टा घालून ‘मनगटाला हलका झटका’ दिलाय. तो झटका देता येणार नाही.

वजनाबद्दल दोन शब्द. फॉइल आणि सेबर अर्ध्या किलोच्या आत, ईपी फार तर पाऊण किलोच्या थोडी वर. खरी लढाऊ तलवारही साधारण किलोच्या आसपास असते. ‘अजस्र तलवार कशीबशी उचलली’ ही वाक्यं काढा. दमायला होतं ते पायांमुळं आणि मनामुळं.

आता लढती कशा लिहायच्या. तुमची शेवटची लढत नऊ पानांची आहे आणि त्यात तलवारीवर तलवार चौतीस वेळा आपटते. मी मोजलं, राग मानू नका. सेबरचा एक टच कित्येकदा सेकंद-दोन सेकंदांत संपतो. दोन पावलं, एक फसवणूक, टच. पाती आपटण्याचा आवाज हा खेळाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. महत्त्वाचं असतं ते अंतर. पिस्ट चौदा मीटर लांब आणि जास्तीत जास्त दोन मीटर रुंद, तिच्यावर दोघं एकमेकांना आत ओढत आणि बाहेर ढकलत असतात, अगदी आट्यापाट्यांत पाटीवरचा गडी आणि समोरचा एकमेकांना झुलवतात तसे. अर्ध्या पावलाची चूक झाली की टच. ते अर्धं पाऊल लिहा. ती मुद्दाम एक पाऊल कमी मागे गेली, त्याला वाटलं ती दमली, त्यानं लंज मारला, आणि ती याचीच वाट पाहत होती. एवढ्यात झालं.

पंधरा गुणांच्या लढतीतले बहुतेक टच प्रत्येकी एका ओळीत उरका. दोन किंवा तीन टचवर थांबा, तेही अशाच, जिथं काहीतरी कळतं: समोरच्याची सवय, पंचाची लबाडी, स्वतःची भीती. आठव्या गुणानंतर सेबरमध्ये एक मिनिटाची विश्रांती असते. तो मिनिट सोन्यासारखा. मास्क वर, घामानं भिजलेलं कपाळ, उस्ताद कानाशी लागून फार तर दोन वाक्यं बोलतो. बहुतेक उस्ताद या मिनिटात जास्त बोलतात, तुमच्या उस्तादाला कमी बोलू द्या.

काही गोष्टी सरळ काढून टाका. गिरकी घेऊन मारणं: आमच्या खेळात समोरच्याला पाठ दाखवली की ताकीद मिळते, आणि खऱ्या तलवारीसमोर पाठ दाखवली तर ताकीद द्यायला कोणी उरत नाही. लढतीच्या मध्येच तलवार या हातातून त्या हातात घेणंही नियमात बसत नाही. दुखापत झाली आणि पंचानं परवानगी दिली तरच हात बदलता येतो. त्यापेक्षा नायिकेला मुळातच डावखुरी करा. डावखुऱ्यांशी खेळताना सगळे कोन उलटे होतात, आणि बहुतेकांना त्याचा सराव कमी असतो. तिच्या शरीराच्या खुणाही बारकाईनं द्या: पुढची मांडी मागच्यापेक्षा जाड, दंडाच्या आतल्या बाजूला निळे-पिवळे डाग, तर्जनीच्या मुळाशी घट्टा. वेशांतर उघडं पाडायचंच असेल तर दासीला तो घट्टा दिसू द्या.

मृत्यूबद्दल. तुमच्या सातव्या प्रकरणात सराव चालू असताना विषारी टोकानं एक तरुण मरतो. विष जरा जुनं झालं. १९८२ च्या जुलैमध्ये रोमला जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव, मॉस्को ऑलिंपिकचा फॉइलचा सुवर्णविजेता, जर्मनीच्या मथियास बेअरशी खेळत होता. बेअरचं पातं तुटलं, तुटलेलं टोक मास्कची जाळी फोडून डोळ्यातून आत गेलं. काही दिवसांत स्मिर्नोव गेला. यात बेअरचा दोष काहीच नव्हता. त्यानंतर मास्क, जाकीट आणि पात्याचं पोलाद यांचे नियम पार बदलले. बोथट टोक सुरक्षित असतं, धोका असतो तो पातं मोडल्यावर राहणाऱ्या अणकुचीदार कडेचा. देओंनाही म्हातारपणी, १७९६ साली, साउदॅम्प्टनच्या एका प्रदर्शनी लढतीत अशीच मोठी जखम झाली आणि त्यांचं खेळणं थांबलं. क्रांतीनंतर पेन्शन बुडाली होती, म्हणून पोटासाठी खेळत होत्या. तर तुमच्या मंत्र्यानं विष कशाला शोधावं? शस्त्रागारात रात्री कोणीतरी एका पात्यावर कानस फिरवली की पुरे. लोक म्हणतील अपघात. आणि ज्याच्या हातात ते पातं होतं तो निरपराध पोरगा आयुष्यभर स्वतःला खुनी समजणार. तो पोरगा तुमच्या नायिकेचा मित्र असेल, तर सातवं प्रकरण एकदम वेगळं होईल.

सलामीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण दरबारी कादंबरीत ती फुकट मिळणारी जागा आहे. लढतीआधी समोरच्याला, पंचाला आणि प्रेक्षकांना सलामी, संपल्यावर हस्तांदोलन. २०२३ च्या जुलैमध्ये मिलानला युक्रेनच्या ओल्गा खार्लाननं रशियाच्या आन्ना स्मिर्नोवाला हरवलं आणि हात न मिळवता तलवारीचं टोक पुढं केलं, पातं पात्याला लावू म्हणून. स्मिर्नोवा पिस्टवर थांबून राहिली. हस्तांदोलन नियमात सक्तीचं होतं, त्यामुळे जिंकलेली खार्लान बाद झाली. गदारोळ झाला, नियम बदलला, आणि ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी तिला पॅरिसची जागा देऊ केली. बाख स्वतः १९७६ चे फॉइलचे सांघिक सुवर्णविजेते, आणि त्या संघात त्यांच्याबरोबर कोण होता, तर वर सांगितलेला बेअर. हा खेळ इतका लहान आहे. पॅरिसमध्ये खार्लाननं वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण घेतलं. तुमच्या राज्यात राजाच्या सज्जाकडे तोंड करून सलामी द्यायची रीत असेलच. युवराज त्या दिवशी सज्जात मुद्दाम उशिरा आला तर? रिकाम्या खुर्चीला सलामी द्यायची की थांबायचं? एखाद्या खेळाडूनं राजाऐवजी मंत्र्याकडे पाहून तलवार कपाळाला लावली, तर अख्ख्या मैदानाला कळेल की वारं कुठून वाहतंय, एकही संवाद न लिहिता.

शेवटच्या प्रकरणाबद्दल माझं म्हणणं एवढंच. गुण १४-१४ ठेवलेत ते ठीक. पण शेवटचा टच इतका स्वच्छ मारू नका. दोघांचे टच एकदम लागू द्या. बाजूच्या दोन पंचांपैकी एक ‘हो’ म्हणतो, दुसरा, जो गेल्या तीन लढती ‘दिसलं नाही’ म्हणत आलाय, तो तोंड उघडायच्या आधी सज्जाकडे बघतो. तिथं प्रकरण तोडा आणि पुढचं प्रकरण त्या पंचाच्या घरी, आदल्या रात्री सुरू करा.

आणि लिहायच्या आधी एकदा तुमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेला जाऊन या. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत आता होतात, छत्रपती संभाजीनगरला तर साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्रच आहे. अंतिम फेरीला नको, सकाळच्या पूलना, म्हणजे गटातल्या सुरुवातीच्या लढतींना, जा, जिथं पाच-पाच टचच्या लढती एकामागून एक चालू असतात, खेळाडूला यंत्राशी जोडणाऱ्या बॉडी वायर बिघडलेल्या असतात आणि कोणाची तरी आई डबा घेऊन भिंतीला टेकून बसलेली असते. प्रेक्षकांत बसू नका. आयोजकांना विचारून पंचाच्या मागं थोडं अंतर ठेवून उभ्या राहा. पहिला अर्धा तास तुम्हाला काहीच दिसणार नाही. मग एखादा टच असा येईल की पंचानं हात उजवीकडे केला असेल आणि तुम्ही मनात डावीकडे. वही तेव्हा काढा.